अबोल्याचा आठवडा

मंगळवार, ११ मार्च.
पहाटे आईची जीभ अडखळली, उजवा हात गळून पडला. ह्यांनी गाडी काढली. हॉस्पिटलात दाखल केले. हे तिथूनच कामावर गेले. उद्या दुपारपर्यंत त्यांना बाहेर येता यायचे नाही. भावाला तीनदा फोन लावला. घेतला नाही. अबोल्याचा आठवडा आहे.

ताईच्या वहीत त्या सकाळची नोंद एवढीच आहे. ज्या भावाने फोन घेतला नाही, त्याला घरात आणि ऑफिसात एकाच नावाने ओळखत: पावटक्के. ऐकणाऱ्याला ते आडनाव वाटे. नवीन लागलेली मुले त्याला ‘पावटक्केसाहेब’ म्हणून मोकळी होत आणि मग बाकीचे का हसतात ते त्यांना कळत नसे. नाव आईने ठेवले होते. हा एका खासगी बँकेच्या संशोधन विभागात होता. मध्यवर्ती बँक या वेळी व्याजदर वाढवणार, उतरवणार की जैसे थे ठेवणार, हे तिच्या आधी ताडायचे, त्यावर टिपण लिहायचे आणि ते बँकेच्या बड्या ग्राहकांना पाठवायचे, हे त्याचे काम. बहुतेक वेळा सगळी मारामारी पाव टक्क्यासाठी असे. आई म्हणे, “पाव टक्क्यापायी सुकून पाव टक्का उरलाय नुसता.” अंगाने तो होताही तसाच. शर्ट हँगरवर असावा तसा त्याच्या खांद्यांवर असे.

लग्न त्याने केले नाही. कुणी विचारले तर म्हणे, मला पुढच्या तिमाहीपलीकडचे दिसत नाही. दोन खोल्यांच्या घरात एक टेबल, एक पलंग, भिंतीला लागून जुन्या अहवालांची चळत. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसे, आणि जिन्यावर कोण किती वाजता चढते-उतरते हे त्याला तोंडपाठ असूनही त्याने त्याबद्दल कधी अवाक्षर काढले नव्हते. ही सवय आईची.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. वडील लवकर गेले, आणि शाळा सुटल्यावर ताई व तो दोघेही एक्स्चेंजच्या लांब व्हरांड्यातल्या बाकावर गृहपाठ करत बसत. काचेपलीकडे आई कानाला यंत्र लावून दोऱ्या इकडच्या तिकडे खोचत असे. कुणाचे काय बोलणे चालले आहे ते ऑपरेटरला ऐकू येतेच. पण आईचा नियम असा की जोडून द्यायचे आणि कान काढून घ्यायचा. एकदा शेजारच्या घरातल्या मुलाला परगावी अपघात झाल्याचा फोन तिच्याच हातून जोडला गेला. संध्याकाळी ती घरी आली, शेजारणीशी जिन्यात दोन शब्द बोलली, आणि काही न सांगता आत आली. शेजाऱ्यांना बातमी कळली ती दुसऱ्या दिवशी, त्यांच्या माणसाकडून. ताईने तेव्हा विचारले होते, की तू कालच का नाही सांगितलेस. आई म्हणाली, “कानावर आलं म्हणून ते आपलं होत नाही.” तो तेव्हा फार लहान होता, पण हे वाक्य त्याने जन्मभर सांभाळले. ताईने सांभाळले की नाही, हे सांगणे कठीण आहे.

ताईचे लग्न झाले ते मध्यवर्ती बँकेतल्या एका शांत, जाड चष्म्याच्या माणसाशी. हा त्याला भावजी म्हणे. भावजी व्याजदर ठरवणाऱ्या समितीत नव्हते, समितीसाठी आकडे जुळवणाऱ्यांत होते. पण निर्णय जाहीर होण्याआधी जी थोडी माणसे एका मजल्यावर बंद केली जात, त्यांत ते असत. पुढे हा खासगी बँकेत लागला आणि एका घरात दोन्ही टोके आली.

बँकांच्या संशोधन टिपणांचे शेवटचे पान कुणी वाचत नाही. बारीक टायपात तिथे लिहिलेले असते, की ही मते लेखकाची स्वतःची आहेत, ज्या कंपन्यांबद्दल लिहिले आहे त्यांत त्याचे शेअर नाहीत, वगैरे. ऑफिसात त्याला डिस्क्लोजर म्हणतात. याने आपल्या टिपणांच्या शेवटी आपणहून एक ओळ घालून घेतली: लेखकाचे जवळचे नातेवाईक मध्यवर्ती बँकेच्या सेवेत आहेत. कुणी मागितली नव्हती. विभागप्रमुखांना तर ती नकोच होती. ग्राहक उगाच भुवया उंचावतील म्हणाले. हा म्हणाला, “उंचावू देत. मागून उंचावण्यापेक्षा आधी उंचावलेल्या बऱ्या.” यातून त्यांना काय समजले कोण जाणे, पण ओळ राहिली.

निर्णयाच्या आधीचा आठवडा मध्यवर्ती बँकेच्या माणसांनी बाजारातल्या माणसांशी दराबद्दल बोलायचे नाही, असा नियम आहे. नियम तेवढाच. पण एका रविवारी ताईच्या जेवणाच्या टेबलावर या दोघांनी तो ताणून आणखी लांब केला. दराबद्दल बोललो नाही हे दाखवून कसे द्यायचे, भावजींनी विचारले. हा म्हणाला, की मुळी बोललोच नाही तर दाखवायचे काही उरत नाही. तेव्हापासून प्रत्येक निर्णयाआधी आठवडाभर दोन घरांत ना फोन, ना येणे-जाणे. आई तोवर ताईकडे राहायला आली होती. तिने भांडी आवरता आवरता ऐकले आणि म्हणाली, “मुलं भांडून अबोला धरतात. तुम्ही पगार घेऊन धरता.”

तिला हा अबोला अर्थातच मान्य नव्हता. त्या आठवड्यात एकदा तरी ती ताईचा फोन उचले, याला लावी, “जेवलास का?” एवढे विचारी आणि याने तोंड उघडायच्या आत ठेवून देई. हा पापभीरू माणूस दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या नियमबाईंकडे जाऊन नोंद करी. नियमबाई म्हणजे बँकेत कोण कुणाशी काय बोलतो याच्यावर नजर ठेवणाऱ्या अधिकारी. केस आखूड, चपला सपाट, आणि ऐकताना मान किंचित कलती. तो सांगे, त्या लिहीत: आईचा फोन, जेवण झाले का अशी विचारणा, व्याजदराचा विषय निघाला नाही. लिहून झाले की त्या न हसता विचारत, “मग, झालं होतं का जेवण?”

हे सगळे गमतीवारी चालले, जानेवारीपर्यंत.

जानेवारीत सगळ्या बँका म्हणत होत्या की दर वाढणार. हा एकटा जैसे थे म्हणत होता, आणि तसे त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी जायच्या टिपणाच्या कच्च्या प्रतीत लिहिलेही होते. अबोल्याचा शेवटचा दिवस. संध्याकाळी ताईचा निरोप आला: आईला हॉस्पिटलात न्यावे लागतेय, लगेच ये. हा धावला. अंगात कोट चढवायचेही त्याला सुचले नाही. जाऊन बघतो तर आई टेबलापाशी शाल गुंडाळून बसलेली, समोर दोन ताटे वाढलेली, नाक लाल. सर्दी होती. “हॉस्पिटलच म्हटल्याशिवाय तू कुठला यायला,” ती म्हणाली. निरोप तिने ताईला हट्टाने द्यायला लावला होता. भावजी त्या वेळी आतच होते, बंद मजल्यावर. हा रागावला, पण जेवला. आईने त्याच्या ताटात वाढतच नेले.

दुसऱ्या दिवशी दर जैसे थे राहिले. सबंध शहरात एकटा पावटक्के बरोबर निघाला, आणि कुणीतरी शेवटचे पान वाचले.

तक्रार गेली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, नाव न घेता, पण ज्यांना कळायचे त्यांना कळले. हा निर्णयाच्या आदल्या संध्याकाळी त्या घरी गेला होता हे याने स्वतःच नियमबाईंना सांगितलेले होते. तेच आता चौकशीच्या टेबलावर आले. आईला खरेच काय झाले होते, असा प्रश्न चौकशी करणाऱ्या एका बाईंनी त्याला विचारला. सर्दी, तो म्हणाला. त्या खोलीत कुणी हसले नाही. भावजींनाही त्यांच्या बँकेत चौकशीला दोनदा बोलावले गेले. दोघेही सुटले, कारण लपवण्यासारखे काही नव्हतेच, पण सुटले म्हणजे डाग धुतला गेला असे नाही. भावजींची बढती होणार होती, ती झाली नाही. याला लेखी समज मिळाली. विभागप्रमुख लिफ्टमध्ये भेटले की मजल्याच्या आकड्यांकडे बघत.

भावजी त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. आई मात्र त्यानंतर आठवडाभर धड जेवली नाही. “माझ्या सर्दीपायी दोन घरांची अब्रू गेली,” म्हणाली. तिने कानाला खडा लावला. याला समोर बसवून सांगितले, “आता अबोल्यात माझा फोन आला, तर मी मेले असं समज.” तो म्हणाला, “काहीतरीच काय.” तेवढ्यावर ते संपले.

मार्चचा अबोला सुरू झाला. बुधवार गेला, गुरुवार गेला, शनिवार-रविवार गेला. आईचा फोन आला नाही. हे त्याच्या ध्यानात यायला हवे होते, कारण आकड्यात खंड कुठे पडला हे शोधण्याचाच त्याला पगार मिळे. पण त्याचे सगळे ध्यान टिपणात होते. या वेळी उलटे होते. सगळे म्हणत होते जैसे थे, आणि याला हिशेबाने वाढ दिसत होती, पाव टक्का. जानेवारीची चौकशी डोक्यावर असताना पुन्हा सगळ्यांच्या विरुद्ध लिहायचे म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा. चौकटीत बसून सगळ्यांसारखे लिहिणे सोपे होते. तो दोन रात्री अंथरुणात तळमळला आणि वाढ असेच लिहिले. मग ठरवले, की या वेळी आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला नखभर जागा ठेवायची नाही.

मंगळवारी सकाळी तो दात घासत असताना फोन वाजला. पडद्यावर ‘ताई’. तो वाजून थांबला. पुन्हा वाजला. बस पकडायला निघताना तिसऱ्यांदा. त्याच्या कपाळावर आठी आली. आईला दोन महिनेही दम निघाला नाही, असे त्याच्या मनात आले, आणि थोडे हसूही आले.

ऑफिसात पोचल्यावर तो थेट नियमबाईंच्या खोलीत गेला आणि फोन त्यांच्या टेबलावर ठेवला. घरचे तीन फोन आले, घेतले नाहीत, अशी नोंद करायला सांगितली. आणि हा फोन उद्या निर्णय जाहीर होईपर्यंत तुमच्या कपाटात ठेवा म्हणाला.

“बंद केला तरी पुरे की,” नियमबाई म्हणाल्या.

“बंद केलेला चालू करता येतो.”

त्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग खणातून एक जाड पाकीट काढले. फोन आत. पाकिटाच्या तोंडावर त्याने सही केली, त्यांनी सही केली. पाकीट कपाटात गेले. त्याला हलके वाटले. रुग्णाला गोळी घेतल्याबरोबर वाटते तसे.

त्या वेळी ताई हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर होती. आई शुद्धीवर होती. तोंड एका बाजूला ओढले होते, शब्द चिखलातून पाय काढावा तसे एकेक निघत होते. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितले, की पुढचा एक दिवस महत्त्वाचा आहे, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. जवळची माणसे दोन. एक बंद मजल्यावर, जिथे शिपायालाही आत जाता येत नाही. दुसरा फोन घेत नाही. ताई खाली आली आणि कॅन्टीनशेजारच्या फोनवरून तिने त्याच्या ऑफिसचा नंबर फिरवला. स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, की साहेबांना या आठवड्यात घरचे फोन जोडायचे नाहीत, तशी त्यांचीच सूचना आहे. ताईने सांगितले: त्याला म्हणावं आईला हॉस्पिटलात नेलंय, लगेच ये.

मुलीने तो निरोप शब्द न शब्द त्याच्यापर्यंत पोचवला. तो दोन्ही टिपणे समोर ठेवून बसला होता. अंदाजाच्या टिपणाखेरीज निर्णयानंतर लगेच पाठवायची दोन टिपणेही आधीच तयार ठेवतात, एक दर वाढले तर, एक न वाढले तर. जाहीर झाले की त्यातले एक जाते आणि दुसरे फाडतात. निरोप ऐकून त्याचे पेन थांबले. तेच घर, तेच हॉस्पिटल, तोच आदला दिवस. जानेवारीतली दोन ताटे त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि चौकशीची ती खोलीही.

“उद्या दुपारी येतो म्हणावं,” तो म्हणाला.

मुलगी जरा घुटमळली. मग गेली.

फोनवर ताईने ते उत्तर ऐकले आणि “बरं” म्हणाली. त्याला कळले आहे, आणि तरी तो उद्या येणार आहे, असा तिने अर्थ घेतला. आईचाच मुलगा, तिला वाटले. सगळ्या जगाला जोडून देईल आणि स्वतः कान काढून घेईल. तिला राग आला. रागाच्या भरात तिने हॉस्पिटलचे नाव सांगितले नाही, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितले नाही, जीभ, हात, काहीच नाही. त्यातला एक शब्द जरी त्या मुलीच्या तोंडी पडला असता, तरी तो अनवाणी पळत आला असता. पण ताईने “बरं” म्हटले आणि फोन ठेवला.

घरून आलेला प्रत्येक निरोप नियमबाईंकडे जायचा, तसा हाही गेला. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या स्वतः त्याच्या टेबलाशी आल्या. त्या कधी कुणाच्या टेबलाशी येत नसत. आसपासच्या माना वळल्या.

“जाऊन या,” त्या हळू म्हणाल्या. “मी नोंद करते. आईला भेटू नका असं कुठलाच नियम म्हणत नाही.”

“जानेवारीतही म्हणत नव्हता.”

“तेव्हाचं वेगळं.”

“काहीच वेगळं नाही. तुम्ही आमच्या आईला ओळखत नाही. ती आत्ता ताट वाढून बसली असेल.”

“आणि नसेल तर?”

तो समोरच्या कागदाचे कोपरे जुळवत राहिला. “नसेल तर ताई आहे तिच्यापाशी,” म्हणाला. “आज मी त्या दारात दिसलो आणि उद्या दर वाढले, तर भावजींची नोकरी जाईल. माझं सोडा.”

हे खोटे नव्हते. नियमबाईंनी मान कलती करून ऐकले. मग परत गेल्या. पाकीट कपाटात होते आणि त्यातला फोन, याने बंद न करताच दिलेला, अधूनमधून गुरगुरत होता. पण त्या कपाटात तसे आणखी चार फोन होते, आणि निर्णयाच्या आठवड्यात सगळेच गुरगुरतात.

बुधवारी दुपारी दर जाहीर झाला. पाव टक्का वाढ.

विभागात एकदम गलका झाला. जैसे थे म्हणणाऱ्यांचे फोन खणखणू लागले. विभागप्रमुख काचेच्या खोलीतून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “पावटक्के, आज बोट दाखवायची कुणाच्या बापाची हिंमत आहे?” त्याने ‘वाढ’वाले टिपण पाठवले, दुसरे फाडले. पाठवण्याआधी शेवटचे पान पुन्हा एकदा वाचले. त्या दिवसासाठी त्याने तिथे एक ओळ वाढवली होती: संबंधित कालावधीत लेखकाने सदर नातेवाइकांशी वा त्यांच्या कुटुंबीयांशी कोणताही संपर्क ठेवलेला नाही. ओळ खरी होती. एका अक्षरालाही कुणाला बोट लावता आले नसते.

मग तो नियमबाईंकडे गेला. त्यांनी कपाट उघडले, त्याने सही तपासली, पाकीट फाडले. फोनमध्ये ताईचे निरोप एकाखाली एक होते. तो उभ्याउभ्याच वाचू लागला.

आईचा उजवा हात गेला. बोलता येत नाही नीट. ये.

डॉक्टर म्हणतात आजचा दिवस कठीण.

मंगळवार दुपारचा एक होता, तो असा: आई विचारतेय तू जेवलास का.

त्यानंतर रात्रभर काही नव्हते. शेवटचा त्या सकाळचा. त्यात ताईने हॉस्पिटलचे नाव लिहिले होते आणि मजला. बाकी काही नाही.

नियमबाईंनी त्याला खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. लिफ्ट न घेता जिन्यानेच उतरला, आणि रस्त्यावर आल्यावर टॅक्सीवाल्याला दोनदा पत्ता सांगावा लागला.

हॉस्पिटलच्या दारात समोरून भावजी येत होते. दाढी वाढलेली, कालचाच शर्ट. निर्णयानंतर दोघे भेटत तेव्हा पहिला प्रश्न नेहमी आईचा असे, “सुटलात का दोघं?” आज दोघांनी एकमेकांकडे पाहिले. भावजी म्हणाले, “आत्ता सोडलं.” हा म्हणाला, “मलाही.” खालच्या दालनात भिंतीवर टीव्ही लावलेला होता, त्यावर दरवाढीची बातमी चालली होती. बाकावरचा एक माणूस, हाताला सलाईनची पट्टी, शेजारच्याला म्हणत होता, “म्हणजे आता घराचा हप्ता वाढला. आम्हाला आजारी पडायचीही सोय नाही.” ते दोघे त्याच्या पुढून गेले. त्या दिवशी शहरात ती बातमी कानावर न घेता चाललेली माणसे ती दोनच असतील.

तिसऱ्या मजल्यावर ताई बाकावर बसली होती. मांडीवर आईची पिशवी, त्यात शाल, चष्मा, दातांची डबी. खोलीचे दार अर्धवट लोटलेले होते, आत पलंगावर चादर तोंडावरून ओढलेली आणि खाली एक बाई फरशी पुसत होती. तेवढ्याने त्याला कळले.

“केव्हा?” त्याने विचारले.

“सकाळी. तुमचं जाहीर व्हायच्या आधी.”

“मला वाटलं, जानेवारीसारखं...”

ताईने मान वर केली. “म्हणजे तुला खरं वाटलंच नाही?”

तो तिच्या शेजारी बाकावर बसला. ताई त्याच्याकडे बघतच राहिली. आदल्या दिवसभराचा तिचा राग कशावर उभा होता ते तिला तेव्हा कळले, आणि आपण “बरं” म्हणून फोन ठेवला होता तेही आठवले. भावजी पलीकडे बसून भिंतीला टेकले. चष्मा काढून पुसू लागले, आणि पुसतच राहिले.

“मग परत का नाही केलास फोन?” तो म्हणाला. आवाजात दोष नव्हता. मुलाने विचारावे तसे विचारले.

“लावत होते. संध्याकाळी. तिनं हात धरला माझा. डावा हात चालत होता ना तिचा.” ताईने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. “अबोला आहे, म्हणाली. बाकी काही नीट बोलता येत नव्हतं तिला. तेवढं मात्र स्पष्ट म्हणाली.”

फरशी पुसणारी बाई बादली घेऊन बाहेर आली आणि पाय वर घ्या म्हणाली. तिघांनी पाय वर घेतले. मग तो उठून आत गेला. आईचा डावा हात चादरीबाहेर राहिला होता. तो त्याने आत सारला, आणि कितीतरी वेळ तसाच वाकून उभा राहिला, जणू काचेपलीकडे बसलेली आई काम संपवून वर बघेल याची वाट पाहत.

पुढे तो निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलाशी होता. टिपणे लिहीत राहिला. कधी बरोबर निघाला, कधी चूक, आणि दोन्ही वेळा त्याचा चेहरा सारखाच असे. त्याच्याकडे पुन्हा कुणी बोट दाखवले नाही. भावजी आधी निवृत्त झाले, काही वर्षांनी गेलेही. त्यांच्या निवृत्तीबरोबर अबोल्याचे कारण संपले, पण निर्णयाचा आठवडा आला की तो आपोआप गप्प होई. ताईकडे जाई, समोर बसे, चहा पिई आणि उठे. नियमबाईंनी ती वाढवलेली ओळ काढून टाका म्हणून त्याला कितीदा तरी सुचवले. आता तिची गरज नाही, म्हणाल्या. त्याने काढली नाही. त्याच्या शेवटच्या टिपणावरही ती होती: कोणताही संपर्क ठेवलेला नाही.

त्या बुधवारी सगळे उरकून तिघे ताईच्या घरी आले. आईच्या खोलीत कुणी गेले नाही. ताईने तिघांपुढे जेवण वाढले, भावजींनी दोन घास खाल्ले, त्याने ताटाला हात लावला नाही, आणि कुणी त्याला विचारलेही नाही. तो आपल्या घरी गेल्यावर ताईने ओटा आवरला आणि वही घेतली. लिहिले:

बुधवार, १२ मार्च. मंगळवारचे दूध ओट्यावरच राहिले होते. नासले. ओतून दिले. पातेले भिजत घातले आहे.